माळ तोडायची कुठे?

पुढची ओळ नीट पाहा.

१२,०,,३४,७,,२१

समजा, एका शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवलेला आहे. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजायचे आणि किती मिलिमीटर पाऊस झाला ते लिहून ठेवायचे, असा तिथला नियम आहे. वरची ओळ म्हणजे सोमवार ते रविवार अशी एका आठवड्याची नोंद होय. बुधवारी आणि शनिवारी मोजायला कोणी गेलेच नाही, म्हणून त्या दोन जागा कोऱ्या राहिल्या. मंगळवारी मात्र नोंद घेतली होती. पाऊस पडला नव्हता, म्हणून शून्य लिहिले.

एवढे सांगितल्यावर तुम्ही ही ओळ सहज वाचाल. गुरुवारी किती पाऊस पडला, असे कोणी विचारले तर ३४ म्हणून उत्तर द्याल. संगणकाला मात्र या ओळीत ना वार दिसतात, ना आकडे. त्याच्या स्मृतीत प्रत्येक चिन्हासाठी एक ठरावीक क्रमांक साठवलेला असतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या आस्की या संकेतावलीत इंग्रजी आकड्यांना ४८ पासून ५७ पर्यंतचे क्रमांक दिले आहेत आणि स्वल्पविरामाला ४४. वरची ओळ इंग्रजी आकड्यांत लिहून संगणकाला दिली, तर त्याच्यापाशी एवढेच असते:

४९ ५० ४४ ४८ ४४ ४४ ५१ ५२ ४४ ५५ ४४ ४४ ५० ४९

एकामागून एक ओवलेले चौदा मणी. अशा ओळीला संगणकाच्या भाषांत स्ट्रिंग म्हणतात. आपण तिला चिन्हमाला म्हणू. ‘बारा’ हा आकडा या माळेत कुठेच नाही. एक आहे आणि त्याच्या शेजारी दोन आहे. माळ योग्य जागी तोडून तिचे तुकडे एका यादीत क्रमाने मांडले, तरच पहिल्या जागी सोमवार, दुसऱ्या जागी मंगळवार असा अर्थ लागेल. हे काम इतक्या वेळा पडते की बहुतेक भाषांत त्यासाठी तयार आज्ञा असते. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेत तिचे नाव स्प्लिट. पण तयार आज्ञा वापरण्यापूर्वी तिच्या पोटात काय चालते, ते आपण हातानेच करून पाहू या.

कागदावर दोन चौकोन काढा. एकावर ‘तुकडा’ लिहा, दुसऱ्यावर ‘यादी’. माळेच्या पहिल्या चिन्हावर बोट ठेवा आणि पुढील आज्ञा डोके न चालवता पाळा. संगणकही डोके चालवत नाही.

१. तुकडा रिकामा करा, यादी रिकामी करा.
२. माळेतले पुढचे चिन्ह उचला. चिन्हे संपली असतील तर पायरी ५ वर जा.
३. ते चिन्ह स्वल्पविराम असेल, तर तुकड्यात जे काही असेल ते यादीच्या शेवटी ठेवा, तुकडा पुन्हा रिकामा करा आणि पायरी २ वर जा.
४. नसेल, तर ते चिन्ह तुकड्याच्या शेवटी जोडा आणि पायरी २ वर जा.
५. तुकड्यात जे उरले असेल ते यादीच्या शेवटी ठेवा. थांबा.

चालवून पाहा. १ येतो, तुकड्यात जातो. २ येतो, तुकडा १२ होतो. स्वल्पविराम येतो, १२ यादीत जातो आणि तुकडा रिकामा होतो. मग ०, मग स्वल्पविराम. आता लागोपाठ दुसरा स्वल्पविराम समोर येतो. तुकड्यात काहीच नाही, तरी पायरी ३ म्हणते की ‘जे काही असेल ते’ यादीत ठेवा. म्हणून यादीत एक रिकामा तुकडा जातो. तो बुधवार. असे करत करत आपण शेवटच्या १ पर्यंत येतो. तेव्हा यादीत सहा तुकडे असतात आणि हातातल्या तुकड्यात २१ असतात.

इथेच नवशिक्याची गाडी घसरते. तुकडा यादीत जातो तो स्वल्पविराम दिसल्यावर. २१ च्या पुढे स्वल्पविराम नाही. पायरी ५ लिहायची राहून गेली, तर रविवारचा पाऊस हातातच राहील. संगणक तक्रार करणार नाही, कारण त्याला सांगितलेले सगळे त्याने केलेले असेल. उसाला सहा घाव घातले की तुकडे सात होतात. स्वल्पविराम मोजा, त्यांत एक मिळवा आणि यादीतले तुकडे तितके भरतात का ते ताडून पाहा. माळेत एकही स्वल्पविराम नसेल तर शून्य घाव, एक तुकडा. माळच पूर्ण रिकामी असेल तरीही शून्य घाव आणि एक तुकडा, मात्र तो रिकामा. पायथनची स्प्लिट ही आज्ञाही, तिला स्वल्पविरामावर तोडायला सांगितले तर, अगदी असेच वागते.

आता त्या रिकाम्या तुकड्यांकडे वळू. पुष्कळांना ते यादीत बघवत नाहीत. ‘रिकामे तुकडे गाळा’ अशी आणखी एक आज्ञा ते घालतात आणि १२, ०, ३४, ७, २१ अशी नीटनेटकी यादी मिळवतात. बेरीज ७४, नोंदी पाच, सरासरी १४.८. मोजलेल्या दिवसांची सरासरी म्हणून हे उत्तर बरोबर आहे आणि म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. पण यादीतली तिसरी जागा बुधवारची. तिथे आता ३४ बसले आहेत. गुरुवारचा मुसळधार पाऊस बुधवारी पडला, शुक्रवारचा गुरुवारी, आणि शनिवारी-रविवारी तर काहीच नाही! दुसरे काही जण रिकाम्या जागी शून्य भरतात. मग ७४ ला ७ ने भागले जाते आणि सरासरी १०.६ च्या आसपास येते. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला नाही’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माळ लिहिणाऱ्याने मंगळवारी शून्य आणि बुधवारी काहीच नाही असे लिहून हा फरक जपला होता. तोडणाऱ्याने तो पुसू नये.

आपण काही गमावले का, हे कळायला एक सोपी कसोटी आहे. तुकडे पुन्हा स्वल्पविरामाने जोडा. पायथनमध्ये या उलट्या कामाच्या आज्ञेला जॉइन म्हणतात. मूळची माळ जशीच्या तशी मिळाली, तर काहीही हरवलेले नाही. रिकामे तुकडे गाळलेली यादी या कसोटीला उतरत नाही.

यादी हाती आली तरी तिच्यातले तुकडे अजून चिन्हमालाच आहेत, आकडे नव्हेत. १२ आणि ३४ हे तुकडे तसेच ‘बेरजेला’ दिले, तर पायथन त्यांना एकमेकांना चिकटवून १२३४ करते. चढत्या क्रमाने लावायला सांगितले तर ०, १२, २१, ३४, ७ असा क्रम लागतो, कारण शब्दकोशाप्रमाणे तुलना पहिल्या चिन्हापासून होते आणि ३ च्या नंतर ७ येतो. म्हणून प्रत्येक तुकड्याचे आकड्यात रूपांतर करण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते. बुधवारच्या रिकाम्या तुकड्यापाशी आली की ही आज्ञा अडते आणि आज्ञावली थांबते. विद्यार्थी यावर वैतागतात. खरे तर आज्ञावली इथे तुम्हाला विचारते आहे की बुधवारचे काय करायचे, ते ठरवा.

महिन्याभराच्या नोंदी एकाखाली एक लिहिल्या, तर आधी ओळींचे तुकडे पाडायचे, मग प्रत्येक ओळीचे. म्हणजे याद्यांची यादी तयार होते. ओळ संपल्याची खूण हेही एक चिन्हच आहे, क्रमांक १०. पण विंडोज प्रणालीवर लिहिलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी १३ आणि १० अशी दोन चिन्हे असतात. टंकलेखन यंत्राची गाडी डावीकडे आणणे हे एक काम आणि कागद एक ओळ वर सरकवणे हे दुसरे. त्या दोन कामांची ती आठवण. फक्त १० वर माळ तोडली तर प्रत्येक ओळीच्या शेपटीला तो १३ चिकटून राहतो. डोळ्यांना २१ दिसतात, पण संगणक त्या तुकड्यात तीन चिन्हे मोजतो.

स्वल्पविरामाच्या बाबतीत कोऱ्या जागेलाही अर्थ होता. सर्वच विभाजकांचे तसे नसते. ‘आज पाऊस आला’ या वाक्यातले शब्द वेगळे करायचे आहेत आणि लिहिणाऱ्याने दोन शब्दांमध्ये चुकून दोनदा जागा सोडली आहे. तिथे कोणताही शब्द हरवलेला नाही. जागा एक असो वा चार, अर्थ तोच. म्हणून पायथनची स्प्लिट दोन प्रकारे वागते. विभाजक सांगितला, तर ती प्रत्येक विभाजकावर घाव घालते. काहीच सांगितले नाही, तर सलग कोऱ्या जागांचा पट्टा ती एकच घाव समजते आणि रिकामे तुकडे यादीत येऊ देत नाही. पूर्ण रिकाम्या माळेची यादीही मग रिकामीच मिळते. अर्थात किती जागा सोडल्या होत्या ते यात हरवते, त्यामुळे जोडण्याची कसोटी इथे लागू पडत नाही. वाक्याला त्याची फिकीर नाही. पावसाच्या नोंदीला होती.

विभाजक मुळीच नसेल तर? मोडी लिपीतल्या जुन्या कागदांत शब्दांमध्ये सहसा जागा सोडलेली नसते, आधी आखलेल्या रेघेखाली मजकूर सलग धावतो. युनिकोडने २०१४ साली मोडीच्या चिन्हांना क्रमांक दिले, त्यामुळे तो मजकूर संगणकात साठवता येतो. पण शब्द कुठे संपतो हे सांगणारे चिन्ह माळेत नाही. तिथे भाषा जाणणाराच हवा.

विभाजक न वापरता तोडण्याची एक रीत मात्र फार वर्षे चालली. आयबीएम कंपनीने १९२८ साली आणलेल्या कार्डावर ८० उभे स्तंभ होते आणि स्तंभांची वाटणी आधीच ठरवून दिली जाई: समजा, १ ते २० नावासाठी, २१ ते २३ गुणांसाठी. नाव लहान असले तर उरलेली जागा वाया आणि मोठे असले तर शेपूट कापले जाई. पुढे मजकुरावर काम करणाऱ्या खास भाषा आल्या. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६२ च्या सुमारास स्नोबॉल आणि १९७७ साली ऑक. ऑकमध्ये तर ओळ वाचली की तिचे तुकडे आपोआप पडतात आणि पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांकाने हाक मारून ते मागवता येतात.

आता खरी अडचण. नोंदवहीत शेरा लिहायला तिसरा रकाना ठेवला आणि कोणी तरी लिहिले:

गुरुवार,३४,दुपारी गारा, मग वारा

रकाने तीन, पण तुकडे पडतात चार. शेऱ्यातला स्वल्पविराम हा मजकुराचा भाग आहे, विभाजक नव्हे. संगणकाला मात्र दोन्ही ठिकाणी तोच ४४ दिसतो. आपल्याकडे आकडेही १,२५,००० असे लिहितात. अशा एका रकमेचे तीन तुकडे झाले की पुढचा सगळा हिशेब रकाना सोडून चालू लागतो. युरोपातल्या अनेक देशांत दशांशचिन्ह म्हणूनच स्वल्पविराम वापरतात. तिथे अशा फायलींत अर्धविराम हा विभाजक घेण्याची प्रथा पडली, ती याच कारणाने.

यावर उपाय पुष्कळ आहेत. मजकुरात सहसा न येणारे चिन्ह विभाजक म्हणून निवडावे, उदाहरणार्थ टॅब, क्रमांक ९. किंवा फक्त पहिले दोन घाव घाला आणि उरलेले सगळे शेऱ्यात राहू द्या, असे सांगावे. स्प्लिटला ही मर्यादा सांगता येते, पण शेरा अगदी शेवटी असेल तरच ती उपयोगी. सर्वांत रूढ उपाय म्हणजे असा तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवणे:

गुरुवार,३४,"दुपारी गारा, मग वारा"

आता आपल्या कागदावर तिसरा चौकोन लागेल. त्यात ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढेच लिहायचे. अवतरणचिन्ह आले की शब्द पालटायचा. ‘बाहेर’ असताना भेटलेल्या स्वल्पविरामावर घाव, ‘आत’ असताना भेटलेला तुकड्यात जमा. मजकुरातच अवतरणचिन्ह हवे असेल तर ते दोनदा लिहावे, असा संकेत आहे. ही रीत पुष्कळ वर्षे तोंडी नियमासारखी चालू होती. २००५ साली आर.एफ.सी. ४१८० या पत्रकात ती लिहून काढली गेली. साधी स्प्लिट ही रीत जाणत नाही. अशा फायलींसाठी पायथनमध्ये वेगळे साधन दिलेले आहे आणि तेच वापरावे. तिसरा चौकोन स्वतः चालवून पाहिल्यावर ते साधन काय करते हे कळेल, म्हणून तो एकदा तरी चालवावा. (शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. एकेक चिन्ह लिहिलेल्या चिठ्ठ्या मुलांच्या हाती देऊन हा खेळ वर्गात मांडता येतो. संगणकाची गरज लागत नाही.)

एवढे झाल्यावर आपल्या भाषेकडे येऊ. इंग्रजी शब्दाचे एकेक अक्षर सुटे करणे सोपे, कारण तिथे साधारणपणे एक अक्षर म्हणजे एक क्रमांक. ‘मुक्ता’ या शब्दाची यादी करायला पायथनला सांगा. तुमची अपेक्षा मु आणि क्ता अशा दोन तुकड्यांची असेल. मिळतात सहा. म (२३५०), उकार (२३६९), क (२३२५), हलन्ताचे पायमोडके चिन्ह (२३८१), त (२३४०), काना (२३६६). युनिकोडने १९९१ साली देवनागरीची मांडणी केली, ती आपल्याकडच्या इस्की या संकेतावलीच्या धर्तीवर. तिच्यात प्रत्येक जोडाक्षराला क्रमांक दिलेला नाही. जोडाक्षर म्हणजे व्यंजन, हलन्त, व्यंजन असा क्रम. ‘कि’ मधली वेलांटी आपण आधी काढतो, पण माळेत ती क च्या नंतर असते.

हे मांडणाऱ्यांचे चुकले असे नाही. आपली जोडाक्षरे इतकी आहेत की प्रत्येकाला क्रमांक द्यायचा तर यादी संपायचीच नाही. पण परिणाम आपल्याला भोगावे लागतात. श्रीधर या नावाचे आद्याक्षर म्हणून माळेचे पहिले चिन्ह घेतले तर ‘श’ मिळतो, ‘श्री’ नव्हे. वृत्ते शिकताना तुम्ही अक्षरे मोजता. भुजंगप्रयाताच्या प्रत्येक चरणात बारा अक्षरे हवीत. संगणकाला चरणातली चिन्हे मोजायला सांगितली तर त्याची मोजणी बाराच्या कितीतरी पुढे जाईल आणि निर्दोष चरणही त्याच्या लेखी वृत्तात बसणार नाही.

म्हणून इथे तोडण्याचा नियम आपणच बनवू. विभाजक नाही, तेव्हा प्रत्येक चिन्हापाशी विचारायचे: हे चिन्ह आधीच्या तुकड्याला चिकटते की नवा तुकडा सुरू करते? काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि हलन्त ही चिन्हे नेहमी चिकटतात. व्यंजन एरवी नवा तुकडा सुरू करते. पण त्याच्या लगेच आधी हलन्त असेल तर तेही चिकटते. ‘मुक्ता’वर चालवा. म सुरू करतो, उकार चिकटतो. क नवा तुकडा सुरू करतो, हलन्त चिकटतो, त च्या आधी हलन्त म्हणून तोही चिकटतो, काना चिकटतो. मु, क्ता. शेवटचा तुकडा यादीत ठेवायला विसरू नका, ती पायरी इथेही आहेच. युनिकोडच्या स्वतःच्या सर्वसाधारण नियमात बरीच वर्षे हलन्तानंतर तुकडा पडत असे. देवनागरीसारख्या लिप्यांतले जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम तिथे २०२३ साली आला. जुन्या साधनांत ‘मुक्ता’चे तीन तुकडे पडले तर नवल वाटून घेऊ नका.

‘वाऱ्याचा’ या शब्दाने मात्र आपलाही नियम अडचणीत येतो. यातला अर्धा र मराठीचा खास. तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ (२३५३) आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण माळा वेगळ्या. एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधायला गेलात, तर जुळवाजुळवीची खास सोय केलेली नसल्यास तो सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात य च्या लगेच आधी हलन्त नसून जोडचिन्ह येते, त्यामुळे आपला नियम तिथे य पासून नवा तुकडा सुरू करतो आणि ‘ऱ्या’ मधोमध फुटतो.

नियमात काय बदल केला म्हणजे दोन्ही प्रकारांत वा, ऱ्या, चा असे तीनच तुकडे मिळतील, ते शोधून काढा. तो नियम मग ‘वाङ्मय’, ‘स्वातंत्र्य’, ‘दुःख’ आणि ‘अर्थात्’ या शब्दांवर हाताने चालवा. मराठीच्या पुस्तकात भुजंगप्रयातातली कविता असेल तर तिच्या प्रत्येक चरणावरही चालवून पाहा आणि बारा भरतात का ते मोजा. शब्दांमधली मोकळी जागा हेही माळेतले एक चिन्ह आहे, क्रमांक ३२. त्याचे काय करायचे, ते मोजणी सुरू करण्यापूर्वीच ठरवावे लागेल.